होऊन गेलेलं माणूस

"आधी बाहेर हो. वैजे, तुला सांगतेय, बाहेर हो!"

गोदामात गाद्यांच्या थप्पीवर पडून मी ओरडत होते. ओरडत म्हणजे काय, घशातून नुसता फुसका आवाज निघत होता. अंगात ताप होता, डोकं ठणकत होतं आणि सकाळीच रिपोर्ट आला होता. आणि ही माझी धाकटी जाऊ वैजयंता आत आली ती कोपऱ्यातली नवरदेवाची खुर्ची ओढतच आली. लाल मखमलीची, सोनेरी हातांची, वर सिंहाची तोंडं असलेली. फरफरत आणली, माझ्या उशाशी टेकवली आणि पदर खोचून वर बसली.

"कशाला घसा फोडतीस अक्का? मला होऊन गेलंय."

"म्हणून माझ्या उरावर बसणार?"

"बसणार. नवरीची खुर्ची पण आणते, उठून बसलीस की त्यात बस. अंतरपाट धरायला भटजी तेवढा राहिलाय."

मला हसू फुटलं, आणि हसता हसता असा खोकला लागला की डोळ्यांतून पाणी आलं. तिने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तोंडावरचा मास्क तिने हनुवटीवर ओढला होता. मी हाताने खुणावलं, वर घे. तिने माझ्याकडे बघून मान उडवली.

बार्शीत आमचा मंडपाचा धंदा. माझे मालक जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी रेणू नाशिकला दिलेली. धंदा बघायचे माझे दीर अंकुश भाऊजी, म्हणजे वैजूचे मालक. ते, वैजू, मी आणि आमच्या सासूबाई एवढीच माणसं घरात. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो. कोरोनाचं ते दुसरं वर्ष. चैत्र-वैशाखात एरवी आम्हाला जेवायला सवड नसायची, त्या वर्षी लग्नंच बंद. कनाती, झालरी, पातेली, खुर्च्या सगळं गोदामात छतापर्यंत रचून ठेवलेलं. मला ताप आला तेव्हा आत्याबाईंनी फर्मान काढलं, थोरलीला गोदामात ठेवा, तिथं मोरी-संडास वेगळा आहे. आणि दुसरं फर्मान काढलं, धाकटी तिच्यापाशी बसंल.

आमच्या घरचा तो कायदाच होता. जो आजार आलाय तो ज्याला होऊन गेलाय, त्याने आजाऱ्याजवळ बसायचं. बाकीच्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. कायदा आत्याबाईंचा. त्यांच्या तोंडावर देवीचे वण होते, गालापासून थेट गळ्यापर्यंत. देवी, गोवर, कांजिण्या, सगळं लहानपणीच अंगावर काढलेली बाई. तरुणपणी गल्लीत कुणाचं पोर फोडांनी भरलं की आत्याबाईंना बोलावणं यायचं. त्या जायच्या, पोराला मांडीवर घ्यायच्या आणि तशाच्या तशा परत यायच्या. "एकदा धरून सोडलं की पुन्हा धरत न्हाई," त्या म्हणायच्या. आणि खरंच कधी धरलं नव्हतं.

माझ्या रेणूला कांजिण्या आल्या तेव्हा मी, तिची सख्खी आई, दाराबाहेर रडत बसले होते. मला कांजिण्या झाल्या नव्हत्या ना! वैजू तेव्हा नुकती लग्न होऊन आली होती, हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. पण तिला लहानपणी होऊन गेल्या होत्या. आत्याबाईंनी तिला आत पाठवलं. कडुलिंबाचा डहाळा घेऊन ती रेणूपाशी बसून राहिली, तिला खाजवू दिलं नाही, तिच्यासाठी गाणी म्हटली. रेणू बरी झाली. वैजूला काही म्हणता काही झालं नाही. तिला पुढे मूलबाळ झालं नाही, पण रेणू तिची झाली ती तेव्हापासून. मला त्याचा रागही यायचा. लेक माझी आणि फोन आधी काकूला!

आमचं काही गोडीगुलाबीने चाललेलं नव्हतं हो. वीस वर्षं एका ओट्याला दोघी. मी तोंडाची फटकळ, ती मुलखाची हट्टी. तिचा चहा म्हणजे नुसता पाक. मी म्हणायची, "हा चहा आहे का गुलाबजामचं पाणी?" ती म्हणायची, "तुझ्या जिभेला तेवढीच साखर लागते, अक्का."

आदल्या वर्षी गौरी-गणपतीच्या सुमाराला कोरोना पहिल्यांदा आमच्या घरात आला तो वैजूलाच. तेव्हा घरात होऊन गेलेलं कुणीच नव्हतं. मग काय, तिला याच गोदामात ठेवलं एकटीला. मी ताट दाराशी ठेवायची, कडी वाजवायची आणि मागे सरायची. मागच्या खिडकीतून ओरडून विचारायची, "खाल्लंस का गं?" तिला फार झालं नाही. चार दिवस ताप, जिभेची चव गेली, पुढच्या पंधरवड्यात ती उठून भांडायलाही लागली. आत्याबाईंनी तिच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि म्हणाल्या, "सुटली गं बाई. आता हिला भ्या न्हाई."

एकदाच ती त्या दिवसांबद्दल बोलली होती. भाजी निवडत होतो. म्हणाली, "अक्का, ताप काही नव्हता गं. पण ताट ठेवल्याचा आवाज यायचा आणि मग पावलं लांब जायची. ती पावलं मला अजून ऐकू येतात." मी म्हटलं, "मग काय तुझ्याजवळ येऊन मरायचं होतं का आम्ही?" ती म्हणाली, "नाही गं, तुला कुठे बोलतेय." आणि भाजीत मान घातली.

तर अशी ती माझ्यापाशी बसली.

आजार माझा वाढतच गेला. पहिले दिवस नुसता ताप, मग श्वास पुरेना. उठून मोरीपर्यंत जायचं म्हणजे गड चढल्यासारखं व्हायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर तांबोळींचा दवाखाना. ते सगळं अंग झाकून गोदामाच्या दारापर्यंत यायचे, औषधं सांगायचे, पालथं झोपायला सांगायचे. "ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली उतरला की दवाखान्यात हलवावं लागेल," त्यांनी बजावलं होतं. हलवायचं म्हणजे कुठे? बार्शीत खाट नव्हती, सोलापुरात नव्हती. भाऊजी दिवसभर फोन लावायचे. लस माझ्या वयाच्या बायकांना मिळायला लागली होती, पण केंद्रावर जावं तर साठा संपल्याची पाटी. माझा जीव त्या बोटाच्या मशीनवर टांगलेला होता.

मशीन वैजूच्या ताब्यात. सकाळ-संध्याकाळ ती सगळ्या घराची बोटं तपासायची. आधी आत्याबाई, मग भाऊजी, मग आत येऊन मी.

"अक्का, बोट."

"त्र्याण्णव का?"

"चौऱ्याण्णव. रडू नको. पालथी हो."

मी पालथी झाले की ती माझी पाठ चोळायची. पेज भरवायची. मला दम लागून भीती वाटायला लागली की माझा हात धरून बसायची आणि काहीतरी जुनं उकरून काढायची. भगवंत मंदिराजवळच्या त्या लग्नात मंडप पडला तेव्हा व्याही पातेल्यात कसा बसला, तिच्या माहेरचा भाऊ मुलगी बघायला गेला आणि तिथेच जेवून झोपला कसा. मी भित्री आहे हे कुणाला माहीत नव्हतं. बाहेर सगळ्यांवर खेकसणारी केशर ढवळे आत गोदामात लहान पोरीसारखी वैजूचा पदर मुठीत धरून झोपत होती. ती मूठ सोडवून गेली तर मी जागी व्हायची. मग ती जायचीच नाही. त्या नवरदेवाच्या खुर्चीतच मान टाकून झोपायची.

मग तिला खोकला यायला लागला.

"धूळ आहे गं कनातींची," ती म्हणाली. धूळ होतीच. पण मी उशीवरून मान उचलली.

"वैजे, तुझं बोट लाव."

"माझं कशाला? मला होऊन गेलंय."

"लाव म्हणते ना!"

"सेल उतरतील. दुकानं बंद आहेत, नवे कुठून आणायचे? तुझ्यासाठी नकोत का?"

"तू लावतीस की मी उठू?"

तिने लावलं. चष्मा माझ्या उशाखाली होता, तो काढेपर्यंत तिने मशीन तळहातात झाकून वाचलं. "अठ्ठ्याण्णव. झालं समाधान?" म्हणाली आणि बोट काढून घेतलं. मला बरं वाटलं. पुढेही मी दोनदा लावायला लावलं, दोन्ही वेळा ती अठ्ठ्याण्णवच म्हणाली. मी म्हटलं, "बघ, माझ्यापेक्षा धडधाकट आहेस, आणि सोंगं करतीस खोकल्याची."

हळूहळू माझा ताप हटला. मशीन पंच्याण्णव, शहाण्णव दाखवायला लागलं. एक दिवस सकाळी जाग आली तर अंग हलकं होतं आणि भूक लागली होती. भूक! मी एकटीच उठून मोरीत गेले, कोमट पाण्याने तोंड धुतलं, केस विंचरले. वैजू खुर्चीत झोपली होती. म्हटलं झोपू दे, दमलीय माझ्यापायी. परत येऊन थप्पीवर बसले आणि तिच्याकडे बघितलं. उजेड तोंडावर आला होता. ओठ जांभळे होते, आणि श्वास कसा, तर पळून आलेल्या माणसासारखा, झोपेतसुद्धा.

"वैजे?"

तिने डोळे किलकिले केले. "चहा टाकते," म्हणाली आणि उठायला गेली. उठता आलं नाही.

मशीन तिच्या मांडीवर होतं. मी तिचं बोट धरून त्यात घातलं. चष्मा लावून बघितलं. बहात्तर.

मी अशी किंचाळले की भाऊजी धावत दारात आले, त्यांच्यामागे काठी टेकत आत्याबाई. भाऊजी दारातच थबकले, कायद्याप्रमाणे.

"भाऊजी, आत या! हिला झालाय. बहात्तर दाखवतंय!"

"कुणाला? हिला?" ते माझ्याकडे वेड लागल्यासारखे बघत राहिले. "वहिनी, हिला कसा होईल? हिला होऊन गेलाय."

"दमली आसंल ती," आत्याबाई म्हणाल्या. "किती दिस बसून हाय. गूळ-पानी द्या तिला."

"अहो तोंड बघा तिचं!"

भाऊजी आत आले. त्यांनी मशीन हातात घेतलं, उलटंपालटं केलं. "बिघडलंय हे. सेल गेलेत." आणि देवाशप्पथ सांगते, माझ्या दिराने, चांगल्या शहाण्या माणसाने, घरात जाऊन टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून आणले आणि त्या मशीनमध्ये घातले. बायको समोर माशासारखी तोंड उघडून श्वास घेत होती आणि ते सेल बदलत होते. पुन्हा बोट घातलं. एकाहत्तर. मग त्यांनी स्वतःचं बोट घातलं. सत्त्याण्णव. मग मात्र त्यांनी मशीन खाली ठेवलं.

"हिचं बोट रोज कोण बघत होतं?" त्यांनी विचारलं.

कुणीच बघत नव्हतं. ती सगळ्यांची बघत होती, तिचं बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मी तीनदा विचारलं, आणि तीनदा फसले.

मंडपाच्या टेम्पोत गादी टाकली आणि तिला तिच्यावर घातलं. भाऊजी चालवायला बसले. मी मागे चढले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "केशर, तू आत्ता उठलीयास."

"मला आता होऊन गेलंय, आत्याबाई," मी म्हटलं. "आता मी बसणार."

पहिल्या दवाखान्यात दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्यात थांबायला सांगून तासभर उन्हात ठेवलं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन पदराने वारा घालत होते. ती अधूनमधून डोळे उघडायची.

"अक्का, उन्हात बसू नको. आत्ताच उठलीयस."

"गप बस. बोलू नको."

"आत्याबाईंना भाकरी मऊ लागते."

"माहितीय मला, पस्तीस वर्षं मीच करतेय. गप बस म्हणते ना, श्वास घे."

"तू ओरडलीस की बरं वाटतं," ती म्हणाली आणि हसली. हसली की दात ओठांवर यायचे तिचे.

तिसऱ्या ठिकाणी खाट मिळाली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन आली. मी त्यांच्यामागे निघाले तर दरवाज्यावरच्या माणसाने हात आडवा घातला.

"पेशंटबरोबर कुणी नाही."

"मी बसणार आहे तिच्याजवळ. मला झालाय. होऊन गेलाय मला!"

"मावशी, होऊन गेला तरी नाही."

"अहो मला पुन्हा होत नाही!"

माझ्याच तोंडून हे बाहेर पडलं आणि मी तिथे स्ट्रेचरवरच्या वैजूकडे बघितलं. तो माणूसही तिच्याकडेच बघत होता. त्याने दार ढकललं आणि ते तिला घेऊन गेले. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला, ती हात वर करायला लागली, तेवढ्यात वळण आलं.

मी रोज त्या दरवाज्याबाहेर जाऊन बसायची. आत जाता येत नव्हतं तरी बसायची. आतून कुणी आलं की विचारायची, वैजयंता ढवळे कशी आहे? कुणी सांगायचं ठीक आहे, कुणी सांगायचं बघू. मग श्वासाच्या मशीनला लावलं म्हणाले. मग एक दिवस भाऊजींना आत बोलावलं. ते बाहेर आले ते भिंत धरून. मी त्या रस्त्यावर अशी ओरडले, अशी तिला शिव्या दिल्या, की लोक थांबून बघायला लागले. "हट्टी मेली! कुणाचं ऐकायचं नाही! उठ म्हणावं तिला, भाऊजी, जाऊन सांगा, अक्का बोलावतेय म्हणावं!" भाऊजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ते पण माझ्याजवळ खाली बसले.

तिचं तोंड आम्हाला दाखवलं नाही. घरी आणायची परवानगी नव्हती. पाच गल्ल्यांतल्या लग्नांचे मंडप घातलेल्या माणसाच्या बायकोला नेताना चार माणसं नव्हती, पालिकेची माणसं होती. ती सवाष्ण गेली आणि तिची ओटी मला भरता आली नाही. मला ती अजून भरायची राहिलीय.

आत्याबाई घरात भिंतीला टेकून बसून होत्या. रडत नव्हत्या. तोंडावरून हात फिरवत होत्या, त्या वणांवरून, पुन्हा पुन्हा.

"देवीनं असं न्हाई केलं कधी," त्या मला म्हणाल्या. "एकदा धरलं की सोडलं तिनं. दोनदा न्हाई धरलं कुनाला. हे कसलं गं? ह्यानं माझं तोंड खोटं पाडलं." पुढे जेमतेम दिवाळीपर्यंत त्या जगल्या, पण कुणाला काही सांगणं त्यांनी सोडून दिलं. मीठ किती घालू विचारलं तरी म्हणायच्या, तुझं तू बघ.

इथवरचं सगळं घराला ठाऊक आहे, गल्लीलाही ठाऊक आहे. पुढचं मी भाऊजी असेपर्यंत कुणाला बोलले नाही. परवा त्यांचं वर्षश्राद्ध झालं. आता बोलायला हरकत नाही.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. माझा दम अजून पुरता भरला नव्हता, म्हणून मी तांबोळी डॉक्टरांकडे गेले. दवाखाना रिकामा होता. त्यांनी छाती तपासली, औषध लिहिलं. मी उठले नाही.

"डॉक्टर, एक सांगा. आमच्या घरात कधी असं झालं नव्हतं. रेणूच्या कांजिण्या तिनेच काढल्या, तिला साधा एक फोड आला नाही. मग हे कसं झालं?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते फार थकलेले दिसत होते. त्यांच्याही घरातलं माणूस गेलं होतं त्या साथीत.

"केशरताई, तुमच्या सासूबाईंचं चुकीचं नव्हतं. देवी, गोवर, कांजिण्या हे सगळे तोंडवळा न बदलणारे आजार. एकदा अंगाशी लढले की अंग त्यांचं तोंड जन्मभर लक्षात ठेवतं. पुन्हा दारात आले की ओळखून हाकलतं. हा तसा नाही. हा एकातून दुसऱ्यात जाताना स्वतःला थोडा थोडा बदलत जातो. वैजूताईंना पहिल्या वर्षी झाला तो निराळा होता आणि उन्हाळ्यात आला तो निराळा. त्यात मधे बरेच महिने गेलेले, अंगाची आठवणही पुसट झालेली. त्यांच्या अंगाने त्याला वेळेवर ओळखलंच नाही. बऱ्याच जणांना दुसऱ्यांदा हलका होतो. त्यांना नाही झाला हलका."

"म्हणजे तिच्या अंगाला वाटलं, हा कुणी दुसराच."

"तसंच."

"मग हे आम्हाला आधी कळायला नको होतं का? कुणीतरी सांगायला नको होतं?"

डॉक्टरांनी उठून दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि परत येऊन बसले.

"मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुमचा रिपोर्ट आला त्याच सकाळी. औषधं न्यायला त्या इथे आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला एकदा झालाय यावर जाऊ नका. नवा आलाय तो होऊन गेलेल्यांनाही धरतोय, माझ्याकडे असे पेशंट आलेत. आत जाऊ नका, ताट दाराशी ठेवा."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाल्या, घरात कुणाला सांगू नका. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाल्या, डॉक्टर, आमच्या अक्काला कळलं तर ती दाराला आतून कडी घालेल, मला येऊ देणार नाही. आणि ती एकटी घाबरते. लोकांना वाटतं ती वाघीण आहे. मला माहितीय ती किती घाबरते ते. मी पुष्कळ समजावलं, केशरताई. शेवटी मास्क काढायचा नाही असं वचन घेतलं त्यांच्याकडून. पाळलं की नाही मला माहीत नाही."

पेज भरवताना, गोष्टी सांगताना, माझ्या उशाशी झोपताना तिचा मास्क कुठे असायचा ते मी बघितलं होतं.

"घातली असती कडी," मी म्हटलं. "आतून घातली असती आणि एकटीच मेले असते. काय बिघडलं असतं? माझं सगळं झालं होतं. लेक दिली होती, नवरा गेला होता. तिला काय हक्क होता हो? मला विचारायचं तरी होतं!"

मी टेबलावर डोकं ठेवून रडले. डॉक्टर उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

घरी आले तर भाऊजी अंगणात जुनी झालर पसरून तिची फाटलेली शिवण उसवत बसले होते. वैजू गेल्यापासून त्यांचं एक ठरलेलं बोलणं झालं होतं, कुणालाच माहीत नव्हतं म्हणून. कुणी आलं गेलं की, जेवायला बसलं की, काहीच नसलं तरी. मला बघून त्यांनी मान वर केली.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"बरी आहे छाती."

"आणि तिचं काही बोलले?"

"आजार बदलला म्हणाले. आधीचा निराळा, हा निराळा."

भाऊजींनी हातातली झालर मांडीवर घेतली. "म्हणजे आपल्याला कुणालाच माहीत नव्हतं, वहिनी. नाही का? आईला माहीत नव्हतं, मला नव्हतं. तिलाही नव्हतं. तिला माहीत असतं तर ती कशाला आत गेली असती? मला असं टाकून ती गेली नसती. नाही ना वहिनी? माहीत असून गेली नसती ना ती?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, सदऱ्याला दोन बटणं नव्हती. एवढ्या महिन्यांत त्या माणसाने ताटातला घास घासासारखा खाल्ला नव्हता.

"नाही भाऊजी," मी म्हटलं. "तिला कुठलं माहीत! माहीत असतं तर तुम्हाला सोडून माझ्यापाशी कशाला बसली असती? मी तिची कोण लागते एवढी!"

त्यांनी डोळे पुसले. मग उठले, हात धुतले आणि स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले.

"वाढा वहिनी. भूक लागलीय."

मी भाकरी करत गेले आणि ते खात गेले. किती दिवसांनी पोटभर जेवले. मी त्यांच्याकडे पाठ करून तव्यापुढे उभी होते, आणि पीठ संपलं तरी मागे वळले नाही.